कमावत्या विद्यार्थ्याचे शिक्षण : शुल्कापलीकडचा खर्च

महाविद्यालयीन शिक्षण महागले, असे म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रवेशाच्या वेळी भरावयाचे शुल्क येते. प्रत्यक्षात शुल्क हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. परीक्षा शुल्क, पुस्तके, प्रवास, बाहेरचे जेवण, वसतिगृह अथवा भाड्याची खोली, संगणक किंवा भ्रमणध्वनी आणि इंटरनेट हे खर्च वर्षभर चालू राहतात. त्यांत आणखी एक खर्च असतो, तो पावतीवर येत नाही : वर्गात बसलेल्या वेळात बुडणारी मजुरी. ज्या घरात मुलाच्या कमाईतून किराणा येतो, त्या घराला हाच खर्च सर्वांत जड जातो.

तासांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. म्हणजे एका सत्रात सरासरी २० श्रेयांक. व्याख्यानाचा एक श्रेयांक आठवड्याला एक तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक दोन तास घेतो. त्यामुळे आठवड्याला २२ तास वर्गात जातात, असे धरू. विद्यार्थी दुकानात, उपाहारगृहात किंवा घरपोच सेवेत रोज पाच तास, सहा दिवस काम करीत असेल तर ३० तास झाले. येण्याजाण्याचे रोजचे दोन तास धरले तर आणखी १२. ही बेरीज ६४ तासांची होते आणि घरी पुस्तक उघडण्याचा वेळ तिच्यात धरलेलाच नाही. कामगार कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा कमावता विद्यार्थी ती मर्यादा ओलांडूनच परीक्षेला बसतो.

गोव्यात या ओढाताणीला हंगामाची जोड मिळते. पर्यटनाचा जोर साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत असतो. हॉटेले आणि किनारपट्टीवरील व्यवसायांना याच काळात जादा माणसे लागतात. पहिल्या सत्राची अखेर आणि दुसऱ्या सत्राचे बरेचसे वर्गही याच महिन्यांत येतात. कमाईचे दिवस आणि अभ्यासाचे दिवस एकच असल्याने हजेरी कमी पडते. हजेरीची अट साधारणपणे ७५ टक्क्यांची असते. ती न भरल्यास परीक्षा हुकते, सत्र पुन्हा करावे लागते आणि खर्च वाढतो. म्हणजे खर्च भागविण्यासाठी धरलेले कामच खर्चात भर घालते.

जुन्या व्यवस्था

गरीब विद्यार्थ्याने कष्ट करून शिकणे मराठी समाजाला नवे नाही. पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी जेवून, कित्येकांनी शिक्षण पुरे केले. या रीतीने जेवणाचा प्रश्न सुटत असे. मात्र ती ब्राह्मण मुलांपुरती मर्यादित होती. इतरांसाठी नवी दारे उघडावी लागली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा राबणाऱ्याला शिकवायचे तर शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे, हे तत्त्व त्या शाळेत होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात निघालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत आणि शेतावर राबत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र उच्च शिक्षणालाही लागू झाले. येथे काम देणारी आणि शिकविणारी संस्था एकच होती, त्यामुळे कामाच्या वेळा आणि वर्गाच्या वेळा एकमेकींच्या आड येत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरदार विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

त्या काळी गोमंतकीय विद्यार्थ्याला तर महाविद्यालयासाठी गावच सोडावे लागे. मुक्तीपूर्वी कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीसाठी बेळगाव, पुणे, धारवाड किंवा मुंबई गाठण्यावाचून पर्याय नव्हता. १९६२ मध्ये पणजी आणि मडगाव येथे महाविद्यालये निघाली, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी घराजवळ आली. अंतराचा प्रश्न बराचसा सुटला. वेळेचा प्रश्न मात्र राहिला.

आजचे साहाय्य आणि त्याच्या मर्यादा

आजच्या योजना प्रामुख्याने शुल्क आणि कर्ज यांभोवती फिरतात. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत बिनव्याजी शैक्षणिक कर्ज दिले जाते. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असल्यास शिक्षणाच्या काळातील व्याज सरकार भरते. मात्र ही सवलत व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्जातही शुल्काबरोबर पुस्तके, साहित्य आणि वसतिगृहाचा खर्च धरला जातो.

या योजनांचे मोल कमी नाही. परंतु गावाजवळच्या महाविद्यालयात कला किंवा वाणिज्य शाखेत शिकणारा आणि संध्याकाळी काम करणारा विद्यार्थी त्यांच्या कक्षेत क्वचितच येतो. त्याचे शुल्क तुलनेने कमी असते. अडचण असते ती घरखर्चातील त्याच्या वाट्याची. कर्जाने शुल्क भरता येते, घरी द्यावयाची महिन्याची रक्कम भरून निघत नाही.

वेळेच्या बाजूने पाहिले तर काही वाटा आता मोकळ्या झाल्या आहेत. श्रेयांक पेढीत मिळविलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुढे परतता येते. गोव्यात ही रचना २०२३-२४ पासून लागू झाली आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मिळविलेल्या मान्यताप्राप्त पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे. शिकाऊ उमेदवारीशी जोडलेल्या पदवी अभ्यासक्रमात विद्यावेतनही मिळते आणि कामाचे श्रेयांकही धरले जातात. ‘कमवा आणि शिका’ या सूत्राच्या सर्वांत जवळची आजची व्यवस्था हीच म्हणावी लागेल.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

काम करून शिकू इच्छिणाऱ्याने शुल्काच्या आकड्याबरोबर काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. वर्ग सलग भरतात की मध्ये मोकळे तास जातात? हजेरीत सूट कोणत्या कारणाने मिळते? शुल्क हप्त्याने भरता येते का? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? महाविद्यालयातच तासावर मोबदला मिळेल असे काम आहे का? कामाच्या ठिकाणी अर्धवेळ असल्याचे कारण सांगून किमान वेतनाच्या दरापेक्षा कमी मोबदला देता येत नाही, हेही ठाऊक असावे. शिक्षण मध्येच सोडावे लागले तरी मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. आयोगाने २०१८ मध्येच तसे बजावले आहे.

यांतील बऱ्याच प्रश्नांना सरकारी तिजोरीची वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रक सलग लावणे, ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे ठेवणे, हंगामाच्या महिन्यांत सकाळचे वर्ग घेणे हे निर्णय प्राचार्यांच्या आणि प्राध्यापकांच्या बैठकीत होऊ शकतात. फुले दांपत्याच्या रात्रशाळेने आणि सिद्धार्थ महाविद्यालयाच्या सकाळच्या वर्गांनी विद्यार्थ्याला मुख्यतः सोयीची वेळ दिली. कमावत्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आजही वेळापत्रकाचा विचार शुल्कसवलतीइतकाच अगत्याचा आहे.