बेस्ट उपक्रम : चालक प्रशिक्षण आणि त्याचा विस्तार

मुंबई महानगरपालिकेच्या बेस्ट उपक्रमात बसचालक तयार करणारी व्यवस्था. तिचे मुख्य केंद्र गोरेगाव पूर्वेला दिंडोशी आगारात आहे. चालक नोकरीला लागतो तेव्हा त्याच्याकडे अवजड वाहनाचा परवाना आणि बिल्ला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार प्रवासी वाहनासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर आधीचा हवा. पण परवाना असला म्हणजे लालबागच्या गर्दीतून बस नेता येते असे नाही, आणि केंद्राचे काम तिथूनच सुरू होते.

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. दुमजली बस १९३७ मध्ये आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी वाहतूक आणि वीजपुरवठा दोन्ही महापालिकेच्या ताब्यात आले. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली आणि रस्त्यावरील सार्वजनिक वाहतुकीचा भार मुख्यतः बसवर आला.

बारा मीटर लांबीची बस वळवणे ही स्वतंत्र विद्या आहे. चालकाची जागा पुढच्या चाकांच्याही पुढे असते, त्यामुळे नाक्यावर बस बरीच पुढे घेऊन मगच स्टिअरिंग फिरवावे लागते. मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत. ती आतल्या बाजूने कापत जातात आणि पदपथाच्या कडेला उभा असलेला माणूस त्यांच्या वाटेत सापडू शकतो. त्याच वेळी बसचा मागचा भाग उलट बाजूला फेकला जातो. थांब्यावर दरवाजाजवळची धक्काबुक्की, काचेतून न दिसणारा दुचाकीस्वार, पावसात वाढणारे ब्रेकचे अंतर, या साऱ्याचा अंदाज अंगात मुरावा लागतो. सिम्युलेटरवर धोक्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा उभा करता येतो, हा त्याचा मोठा फायदा. मात्र बसचे वजन आणि तिचा झोल खऱ्या बसवरच कळतो.

इलेक्ट्रिक बस आल्यावर या शिक्षणाचा पायाच हलला. डिझेल बसमध्ये चालकाचा डावा पाय क्लचवर असतो. गडबडीत क्लच दाबला गेला तर इंजिनाची ताकद चाकांपासून तुटते. इलेक्ट्रिक बसमध्ये क्लच नाही. मोटार उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच बस मंदावते आणि आवाज इतका कमी असतो की पादचाऱ्याला चाहूल लागत नाही. वीस वर्षे गिअरची बस चालवलेल्या माणसाचे पाय संकटात जुन्याच सवयीने हलतात. म्हणून अनुभवी चालकालाही हे शिक्षण नव्याने द्यावे लागते, आणि ते एखाद्या दिवसाच्या फेरफटक्यात उरकणे धोक्याचे आहे.

दुसरा बदल नोकरीच्या स्वरूपातला. २०१९ पासून बेस्टने मोठ्या प्रमाणावर भाडेतत्त्वावर बस घेतल्या. या बसचा चालक कंत्राटदाराचा असतो. प्रवाशाला मात्र ती बेस्टचीच बस वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. अनेकांचा जीव गेला, ४० हून अधिक जण जखमी झाले. त्यानंतर अशा बसवर चालकाला किती सराव दिला जातो, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. केंद्राच्या विस्ताराचा खरा अर्थ इथे आहे. मैदान वाढवले, पण कंत्राटी चालक त्याच्या बाहेर राहिला, तर शहराच्या सुरक्षिततेत फारशी भर पडत नाही.

विस्तारासाठी मोजमाप कायद्यात उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. त्यांनुसार मध्यम व अवजड वाहनांच्या केंद्राला किमान दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणी मार्ग लागतो. अवजड वाहनांचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पूर्ण करायचा असतो. मुंबईत दोन एकर मोकळी जागा मिळणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको; आगारांच्या जमिनी म्हणूनच जपायला हव्यात.

अशा केंद्राचा उपयोग महापालिकेच्या इतर चालकांनाही होऊ शकतो. अग्निशमन बंबाची टाकी अर्धवट भरलेली असेल तर वळणावर पाणी हिंदकळून गाडीचा तोल जाऊ शकतो. कचरागाडीला अरुंद गल्लीतून मागे यावे लागते, तेव्हा मागे उभ्या कामगाराच्या खुणेवर सारे अवलंबून असते. प्रत्येक गाडीसाठी सराव वेगळा, प्रशिक्षकही त्या गाडीवर मुरलेला हवा.

चालक प्रशिक्षणाला गेला की त्याची पाळी रिकामी राहते. बदली चालकांची तरतूद नसेल तर आगार त्याला सोडत नाही आणि उजळणीचे वर्ग कागदावरच राहतात. त्यामुळे विस्ताराच्या अंदाजपत्रकात इमारत आणि यंत्रांच्या जोडीला या राखीव मनुष्यबळाचा खर्चही धरावा लागतो.