खापरांची साक्ष

माजिवड्यास एका नव्या इमारतीच्या पायासाठीं उपसलेल्या मातीच्या ढिगांतून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मध्यंतरीं पांच-सात तांबडीं खापरें वेंचून आणलीं व ‘हीं शिलाहारांच्या वेळचीं असतील काय?’ असा प्रश्न केला. इतिहास शिकविण्यांत उभी हयात घालविलेल्या आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. शिलाहारांची वंशावळ आम्हांस मुखोद्गत आहे. खापर हातीं घेतलें कीं आम्ही निरक्षर.

ह्या निरक्षरतेस परंपरा आहे. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना अरिकेसरी शिलाहाराचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट निघाला आणि त्याचें भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडांत प्रसिद्ध झालें. त्याच मातींत खापरेंही असलींच पाहिजेत. पण त्यांची विचारपूस कोण करणार? खापराचा मान राखल्याचें एक उदाहरण मात्र जवळच सोपाऱ्यास आहे. तेथील स्तूप १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उकलला, तेव्हां एकांत एक ठेवलेल्या करंडकांपैकीं अगदीं आंतल्या सोन्याच्या करंडकांत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असें पंडितजींचें मत होतें. खापरास सोन्याचें घर मिळण्यास इतकें थोर नातें लागतें!

पुढें दृष्टि पालटली. १९५०-५१ सालीं संगमनेरजवळ जोर्वें येथें डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनीं उत्खनन केलें. तेथील तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेल्या, खणखणीत भाजलेल्या भांड्यांवरून इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते ७०० ह्या काळांतील एका सबंध संस्कृतीस नांव मिळालें. त्या लोकांचें एक अक्षरही उरलेलें नाहीं. त्यांची ओळख पटते ती मडक्यांवरून.

पण डोळ्यांनीं केलेली परीक्षा फसवते. पश्चिम भारतांत ठिकठिकाणीं मिळालेले जाड रांजणांचे तुकडे रोमन मद्यकुंभांचे म्हणून नोंदले गेले, आणि रोमच्या सोन्याचीं वर्णनें वाचून आम्हीही वर्गांत छाती फुगवून तसेंच सांगितलें. रोबर्टा टॉम्बर यांनीं हे तुकडे पुन्हां तपासून २००७ सालीं दाखवून दिलें कीं, त्यांतील पुष्कळसे रोमन नव्हेतच. ते इराक-इराणच्या बाजूचे आहेत. रोमन कुंभास दोन कान असतात. ह्या रांजणांस कान नाहींत, बूड निमुळतें, आणि आंतून डांबराचा लेप. शिवाय खापराचा कागदाहून पातळ काप घांसून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, कीं मातींतील खडकाचे कण आपलें गांव सांगतात. इटलींतील कित्येक कुंभांत वेसुव्हियसच्या परिसरांतील काळी वाळू असते. (आमचा सह्याद्रीही अग्निजन्यच, म्हणून नुसता काळा कण पाहून भागत नाहीं, खनिजांची जात ओळखावी लागते.) हे रांजण साधारणतः इसवी सनाच्या तिसऱ्या ते नवव्या शतकांतले. म्हणजे आमच्या किनाऱ्याच्या कथेंतून रोमचें वैभव थोडें उणें झालें; पण जेथें रोमनांनंतर सामसूम मानीत होतों, तेथें शिलाहारांच्या उदयापर्यंत इराणी आखाताशीं चाललेली वर्दळ दिसूं लागली. हा तोटा आम्हांस फायद्याचा वाटतो.

मग माजिवड्याच्या खापरांचें वय कां काढूं नये? मातींतील किरणोत्सर्गी द्रव्यांची शक्ति भांड्याच्या कणांत वर्षानुवर्षें सांठत जाते. भट्टींत भाजतांना तो हिशेब कोरा झालेला असतो, आणि प्रयोगशाळेंत पुन्हां तापवितांच सांठलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. त्यावरून भाजणीचा काळ काढतां येतो. परंतु त्या शक्तीचा कांहीं अंश भोंवतालच्या मातीनें दिलेला असतो, म्हणून तिचेंही मोजमाप लागतें. आमच्या खापरांची ती माती यंत्रानें उपसली, मालमोटारीनें नेली, आणि कोणत्या खाडीच्या भरावांत पडली कोण जाणे. शेजारीं काय होतें, वर-खालीं कोणता थर होता, हें सांगणारेंही कोणी नाहीं.

खापरें आमच्या मेजावर आहेत. विद्यार्थ्यांनीं त्यांस चिठ्ठी बांधली आहे. तीवर ‘माजिवडा’ एवढेंच लिहितां आलें.