शके ८२२, मुक्काम मनिला

दुबईत आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक फिलिपिनो मुलगी बसते. गेल्या गुढीपाडव्याला मी पेढे घेऊन गेले, तेव्हा तिनं विचारलं, "तुमचं हे नवं वर्ष कितवं?" मी शालिवाहन शक समजावू लागले आणि एकदम आठवलं. म्हटलं, "अगं, हा शक तर तुमच्याकडेही होता!" तिचा विश्वास बसेना. शाळेत ती शिकली होती की त्यांचा लिखित इतिहास १५२१ साली मॅगेलन आल्यावर सुरू होतो.

गोष्ट अशी. १९८९ साली मनिलाजवळच्या लागुना प्रांतात, लुंबान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तांब्याचा एक काळवंडलेला पत्रा सापडला. वीतभर रुंद, फूटभर लांब, त्यावर दहा ओळी. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडून फिरत तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. मिंदोरो बेटावर मांग्यान लोकांत राहून अभ्यास करणारे डच संशोधक अंतून पोस्तमा यांनी तो वाचला. लिपी कावी, म्हणजे ब्राह्मीच्या वंशातली, आपल्या देवनागरीची लांबची बहीण. भाषा जुनी मलय, अधूनमधून संस्कृत, जावानी आणि जुनी तागालोग.

आणि सुरुवातीचे शब्द? स्वस्ति, शक, वर्षातीत, ८२२, वैशाखमास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. मी चक्क दोनदा वाचलं. म्हणजे त्या दिवशी आपली संकष्टी की हो! इंग्रजी तारीख २१ एप्रिल ९००.

पण हे राजाचं गुणगान नाही की देवळाचं दानपत्र नाही. ही कर्जमुक्तीची पावती आहे. नामवरन नावाच्या गृहस्थावर एक काटी आठ सुवर्ण, म्हणजे अंदाजे ९०० ग्रॅम सोन्याचं कर्ज होतं. ते माफ झाल्याचं तुंडुनच्या प्रमुखानं दयांग अंगकातन आणि बुका या त्याच्या घरच्या माणसांना लिहून दिलं. तुंडुन म्हणजे मनिलातलं आजचं तोंडो, दाटीवाटीची गरीब वस्ती. स्पॅनिश लोक आले तेव्हा तिकडे कर्ज फिटलं नाही तर माणूस दास्यात जाई, आणि ते मुलाबाळांच्या माथीही येई. ९०० साली हीच रीत असेल, तर या पत्र्याचं मोल सोन्याहून जास्त. त्यात नामवरनच्या वंशजांनाही मोकळं केलं आहे.

आपली मंडळी लगेच म्हणतील, "बघा, आपली संस्कृती कुठवर पोचली!" जरा दमानं घेऊ या. शक तिकडे बहुधा जावामार्गे गेला. माणसं, कर्ज आणि माफी, सगळं त्यांचंच. शब्द मात्र राहिले. तागालोगमध्ये गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आणि दुखा म्हणजे गरीब!

पत्र्यावरचं शेवटचं वाक्य अर्धंच आहे. पुढे कधी कुणी म्हणालं की नामवरनचं कर्ज पुरतं फिटलेलं नाही, तर... आणि पत्रा संपतो. पुढचा भाग सापडलेला नाही.

मला वाटलं, ती हसेल. हसली नाही. तिला इथं पाठवायला वडिलांनी काढलेलं कर्ज अजून फिटायचं आहे. पेढा हातात तसाच धरून म्हणाली, "त्या पत्र्याचा फोटो मला पाठवशील?"