सिकंदराबादचा डास आणि आपला हिवताप

हिवतापाची कुळकथा सांगण्यासाठी दिंद्रुडच्या श्रोत्यांना विलायतेस नेण्याचे कारण नाही. १८९७ साली आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्याच राज्यातील सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डासांची पोटे फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. हुसेन खान नावाच्या तापकऱ्यास त्याने डास चावू दिले. मोबदला, दर डासामागे एक आणा! २० ऑगस्टला ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरात त्याला काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. तोवर दलदलीच्या हवेने ताप येतो असे लोक मानीत. ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा.

शत्रू ओळखला गेला, पण हटला नाही. १९५३ साली देशभर डीडीटीची फवारणी सुरू झाली. त्यापूर्वी वर्षाला साडेसात कोटी लोक आजारी पडत असा अंदाज होता; १९६५च्या सुमारास आकडा लाखावर आला. मग यंत्रणा सैलावली, डासही डीडीटीला दाद देईनात, आणि १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. आम्हांला हा उतार-चढाव रॉसच्या शोधापेक्षाही विचार करण्याजोगा वाटतो.

हुडहुडी, मग ताप, मग घाम, तेही दिवसाआड, ही खूण आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होती. पोटात पाणथरी वाढते हेही. पण ताप नेहमी असा पाळी धरून येत नाही. त्याच्या घातक प्रकारात माणूस बरळू लागतो, झटके येतात. म्हणून खरी साक्ष रक्ताच्या थेंबाचीच. ऊसतोडीहून परतलेल्यास ताप आला, तर कोठे राहून आलो हे डॉक्टरांस आधी सांगावे. डास चावल्यावर ताप यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर माणूस गावी पोहोचलेला असतो. हा डास चावतो रात्री, तेव्हा फडातल्या कोपीतही मच्छरदाणी हवी. घरी रांजण-हौद आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, कारण अंड्यापासून डास व्हायला तितकेच दिवस पुरतात.

नेहमीच्या प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यांच्यासाठी डॉक्टर चौदा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या देतात. गरोदर स्त्रीस व तान्ह्या मुलास मात्र देत नाहीत. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, आणि उरलेल्या गोळ्या बहुधा कोनाड्यातच राहतात.