उंची आहे, सामने कुठे?

वसई, खास प्रतिनिधी

ऑगस्ट २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे झालेल्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत भारताने जॉर्डनला घाम फोडला होता. २०२३ चा विश्वचषक खेळून आलेला हा संघ भारताला सहज नमवील, अशीच सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात निर्धारित ४० मिनिटे संपली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. पाच मिनिटांच्या जादा वेळेत मात्र भारताचा दम उखडला आणि सामना ८४-९१ असा हातचा गेला. पुढे चीन व यजमान सौदी अरेबिया यांच्याकडून मोठ्या फरकाने हार पत्करून भारत साखळीतच गारद झाला. याच स्पर्धेत चीनने अंतिम फेरी गाठली आणि ऑस्ट्रेलियाकडून तो अवघ्या एका गुणाने हरला.

हा प्रकार नवा नाही. जुलै २०१४ मध्ये वुहान येथे भारताने चीनला त्याच्याच घरी ६५-५८ असे पाणी पाजले होते. चीनविरुद्धचा तो आपला पहिलाच विजय. अमेरिकन प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग यांच्या मार्गदर्शनाखाली विशेष भृगुवंशी, अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग यांचा तो संघ खेळला. २०१६ मध्ये तेहरानला चीनला पुन्हा हरवले. त्या वेळचे चीनचे संघ किती ताकदीचे होते यावर वाद घालता येईल. परंतु भारताला जिंकणे जमतच नाही, हे म्हणणे त्या दोन निकालांनंतर टिकत नाही. एक दिवस जमते. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी जमत नाही. २०१७ आणि २०२२ च्या आशिया चषकांत भारताने प्रत्येकी तिन्ही साखळी सामने गमावले. जेद्दाला पुन्हा फ्लेमिंगच प्रशिक्षक होते, मोइन बेग हफीज कर्णधार होता, आणि निकालाची पाटी तीच राहिली.

त्यामुळे २०२७ मध्ये कतारला होणारा विश्वचषक, २०२८ चे लॉस एंजलिस ऑलिंपिक आणि भारत ज्याच्या यजमानपदासाठी प्रयत्नशील आहे ते २०३६ चे ऑलिंपिक, या टप्प्यांकडे पाहताना भावनेपेक्षा हिशेब मांडलेला बरा. विश्वचषकाच्या मुख्य फेरीत भारत आजवर एकदाही खेळलेला नाही. ऑलिंपिकमध्ये खेळला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोला. तेही बहिष्कारामुळे आशियातील वरचढ संघ न गेल्याने लाभलेले स्थान. बारा संघांत भारत बारावा आला, एकही सामना जिंकता आला नाही. त्याच मॉस्कोत भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकल्याने बास्केटबॉलची ही हजेरी कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

आशियातील आपली सर्वोत्तम कामगिरी त्याआधीची आहे. १९७५ मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला. त्या पिढीचे ठळक नाव म्हणजे गुलाम अब्बास मुंतसीर. भारताचे कर्णधारपद भूषविलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे मुंतसीर मुंबईच्या नागपाड्याचे. येथे थोडे थांबायला हवे, कारण महाराष्ट्रातील बास्केटबॉलची कथा नागपाड्यावाचून सांगताच येत नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात गिरणी कामगारांच्या या गजबजलेल्या वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभे केले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली तीही याच वास्तूत. वस्तीतील मुलांना खेळायला जागा हवी आणि जागा तर नाही, अशा ठिकाणी २८ बाय १५ मीटरच्या चौकटीत मावणारा खेळ रुजला. क्रिकेटला मैदान लागते. बास्केटबॉलला गल्लीच्या टोकाचे अंगण पुरते. संध्याकाळी दिवे लागल्यावर मोठ्यांच्या सामन्याभोवती लहान पोरांचे कडे पडायचे, आणि पोरे पाहून पाहून शिकायची. सराव शिबिरातून नव्हे, रोजच्या चुरशीतून खेळाडू घडत होते.

नेमकी ही रोजची चुरस आजच्या राष्ट्रीय संघाला मिळत नाही. आपल्याकडे उंची नाही, हे जुने पालुपद. पण ७ फुटांहून उंच सतनाम सिंगला २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस संघाने निवडले होते. उंची असूनही त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. फिलिपिन्स, जपान, लेबनॉन, जॉर्डन येथील खेळाडू आपापल्या देशी वा परदेशी लीगमध्ये महिनोन्‌महिने खेळून राष्ट्रीय संघात दाखल होतात. आपला खेळाडू रेल्वे, सेनादल, तेल कंपनी किंवा बँकेत नोकरीला असतो. वर्षातून मोजक्या स्पर्धा आणि मग शिबिर. ‘यूबीए’ ही लीग २०१५ ते २०१७ या काळात चालली आणि बंद पडली. त्यानंतर ‘आयएनबीएल’ आली. २०२५ च्या प्रारंभी तिचा २५ वर्षांखालील खेळाडूंचा व्यावसायिक हंगाम दिल्लीत झाला, त्यात मुंबईचाही संघ होता. तथापि घरचे मैदान, घरचे प्रेक्षक आणि सलग हंगाम असल्यावाचून लीग रुजत नाही. जादा वेळेतील पाच मिनिटे पेलण्याची ताकद शिबिरातील धावण्याने येत नाही, असे सामने वीस-पंचवीस वेळा खेळूनच ती येते.

दुसरी अडचण कायद्याची आहे. जागतिक महासंघाच्या नियमानुसार प्रत्येक संघाला नागरिकत्व दिलेला एक परदेशी खेळाडू घेता येतो. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने १९६२ नंतर प्रथमच सुवर्ण जिंकले, त्यात जस्टिन ब्राऊनलीचा मोठा वाटा होता. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी जॉर्डनकडे रोंडे हॉलिस-जेफरसन होता. दोघेही मूळचे अमेरिकन. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय पासपोर्ट नसलेल्याला देशाकडून खेळता येत नाही. त्यामुळे सिम भुल्लरसारखा भारतीय वंशाचा, एनबीए खेळलेला कॅनेडियन खेळाडूही आपल्या उपयोगाचा नाही. आपण हा मार्ग धरावा की नाही याबाबत मतभेद असू शकतात. मात्र प्रतिस्पर्ध्याकडे असलेले पंधरा-वीस गुण आपल्याकडे नाहीत, एवढे ध्यानात ठेवूनच अपेक्षा बाळगाव्यात. शिवाय २०१७ पासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड आशियातून खेळू लागल्याने वरच्या जागा आणखी आक्रसल्या आहेत.

महिला संघाची स्थिती तुलनेने आशादायक. २०१७ मध्ये बंगळूर येथे कझाकस्तानला ७५-७३ असे नमवून भारताने आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचे विजेतेपद पटकावले. अनिता पॉलदुराई कर्णधार होती आणि पुण्याची शिरीन लिमये त्या संघातील महत्त्वाची खेळाडू. शिरीनने पुढे देशाचे नेतृत्वही केले. ‘अ’ विभागात मात्र २०१९ आणि २०२१ असे दोन्ही वेळा शेवटचे स्थान वाट्याला आले व संघ पुन्हा खाली घसरला. जपान, चीन, ऑस्ट्रेलिया यांच्याशी गाठ पडली की गुणांचा फरक डोळ्यांत भरतो. तरीही ‘ब’ विभाग जिंकून वर जाणे व तेथे टिकणे हे या संघाला झेपणारे लक्ष्य आहे. पुरुष संघाने विश्वचषकाची स्वप्ने पाहण्यापेक्षा आशियात पहिल्या आठांत यावे. २०१५ मध्ये भारत आठवा आला होता, म्हणजे ते अशक्य नाही.

आता वसई-विरारपुरते पाहू. विरारच्या पृथ्वी शॉने भल्या पहाटेच्या लोकलने वांद्रे गाठून क्रिकेट शिकल्याचे येथे घरोघरी सांगितले जाते. बास्केटबॉल शिकू इच्छिणाऱ्या मुलाने कोठे जावे? वसई तालुका कला-क्रीडा महोत्सव आणि महापौर मॅरेथॉन यांनी या पट्ट्याला खेळाची सवय लावली आहे. शाळांच्या आवारात बास्केटबॉलच्या रिंगा दिसतात. खाली उघडी सिमेंटची जमीन. गुडघे सोलणारी, आणि पावसाळ्याचे चार महिने निरुपयोगी. छप्पर असलेले लाकडी फळ्यांचे कोर्ट शोधायचे तर गाडीत बसून मुंबईच गाठावी लागते. नागपाड्याला जायचे तर मुंबई सेंट्रलला उतरावे लागते. विरारहून जाताना आणि परतताना गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने तासाहून अधिक वेळ जातो, तो वेगळाच. २०३६ मध्ये पंचविशीत असणारा खेळाडू आज शाळेत आहे.