विष्ठेतील गुप्त रक्ताची चाचणी : एका वादाचा इतिहास

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पूर्वशोधाचा इतिहास पुष्कळदा कोलोनोस्कोपीपासून सांगण्यात येतो. वस्तुतः त्याचा आरंभ एका झाडाच्या राळेपासून होतो. वेस्ट इंडीजमधील ग्वायकम वृक्षाची ही राळ सोळाव्या शतकात उपदंशावरील औषध म्हणून युरोपात आली, आणि त्या कामी पुढे निरुपयोगी ठरली. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या योगाने रक्तातील हीम हे द्रव्य तिला निळा रंग आणते. या गुणाचा उपयोग डच शास्त्रज्ञ व्हान देएन यांनी १८६४ च्या सुमारास रक्त ओळखण्यासाठी केला. १९६७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ग्रीगोर यांनी राळ लावलेल्या पट्टिका कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्या हाती दिल्या, आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला : अशा चाचणीने मृत्यू टळतात काय?

मिनेसोटा येथे १९७५ पासून ४६,५५१ व्यक्तींवर याची परीक्षा झाली. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेरा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू चाचणी न केलेल्या गटात दरहजारी ८.८३, तर प्रतिवर्षी चाचणी केलेल्या गटात ५.८८, म्हणजे एकतृतीयांशाने कमी भरले. परंतु येथे एक गोम होती. बहुतेक पट्टिकांवर तपासणीपूर्वी पाण्याचा थेंब टाकला जाई. त्यामुळे होकारार्थी ठरणाऱ्या पट्टिकांचे प्रमाण शेकडा २.४ वरून ९.८ वर गेले, व वार्षिक गटातील शेकडा ३८ जणांची कोलोनोस्कोपी झाली. इतक्यांची आतडी पाहिल्यावर रक्त न गळणारे कर्करोगही सापडणारच! लँग व रॅन्सोहॉफ यांनी १९९४ मध्ये नेमके हेच दाखविले. लाभाचा तिसरा ते निम्मा हिस्सा अशा योगायोगाचा असावा, असे त्यांचे गणित होते. हा आक्षेप कुरापतीचा नव्हता. यशाचे श्रेय राळेला की नळीला, हे ठरल्यावाचून कोणत्याही शासनाने पैसा कशावर खर्चावा?

उत्तर १९९६ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम व डेन्मार्कमधील फ्यून येथून आले. तेथे पाणी न वापरता दोन वर्षांतून एकदा चाचणी होई; कोलोनोस्कोपी थोड्यांचीच झाली. तरीही मृत्यू अनुक्रमे शेकडा १५ व १८ ने घटले. राळेचे सामर्थ्य त्यामुळे सिद्ध झाले, जरी मिनेसोटाच्या आकड्याइतके नव्हे. मात्र या दोन्ही ठिकाणी चाचणी विरळ होती, हे ध्यानात घेता मिनेसोटातील संपूर्ण अंतर पाण्याच्या थेंबावर ढकलणे मला न्याय्य वाटत नाही.

इंग्लंडच्या राष्ट्रीय योजनेत २०१९ मध्ये ग्वायकमची जागा मानवी रक्तच ओळखणाऱ्या प्रतिपिंड-चाचणीने घेतली.