ताप आला की थांबायचं नाही, हे कधी ठरलं?

केमो घेऊन घरी निघालेल्या बाईला सिस्टर पुन्हा पुन्हा बजावतात, ताप आला तर मध्यरात्र असली तरी निघून या. आपल्याला वाटतं, जराशी कणकण, एवढी घाई कशाला? आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी असंच झालं. तापाची गोळी दिली, सकाळची वाट पाहिली. पुढे बारा दिवस दवाखान्यात गेले. तेव्हा आम्ही ठरवलं, हा नियम आला कुठून ते समजून घ्यायचं.

१९६६ साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांचा हिशेब मांडला. (त्या लेखाच्या लेखकांत एक आडनाव साठे आहे, बरं का!) रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्या राखणदार. त्या जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका जंतूंचा धोका मोठा, हे त्यातून दिसलं. केमोमुळेही या पेशी घटतात, बहुतेक वेळा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त. आणि पू होतो तोच मुळी या पेशींमुळे. त्या नसल्या की जखम पिकत नाही, सूजही फारशी दिसत नाही. उरतो फक्त ताप. गोळी दिली की तोही झाकला जातो.

त्या काळी रक्त तपासायला पाठवत आणि कोणता जंतू आहे ते कळेपर्यंत थांबत. त्याला दोन-तीन दिवस लागत. तेवढ्यात कितीतरी रुग्ण हातचे जात. १९७१ साली बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी रिपोर्टची वाट न पाहता, ताप येताच दोन अँटिबायोटिक औषधं सुरू केली आणि त्याचे चांगले परिणाम छापले. सिस्टरांचं बजावणं तिथून आलंय. पुढे १९९१ मध्ये पेशी वाढवणारं इंजेक्शनही आलं, पण तापाचा नियम तसाच राहिला.

दवाखान्यात सिस्टर ठरल्या वेळी ताप बघतात, हात धुतल्याशिवाय रुग्णाला शिवत नाहीत. घरी हे आपल्याकडे येतं. भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको, सर्दी-खोकलेवाल्यांना दारातूनच परत पाठवायचं, मग पाहुणे रुसले तरी चालेल. शिळं नको. शेणाने सारवायचं काम तिच्याकडे नको. पारा १००.४ वर गेला की गोळी न देता आधी दवाखान्यात फोन.

आमच्या गटाने बचतीतून एक थर्मामीटर घेतलाय. ज्या घरी केमो चालू, त्या घरी तो राहतो. सोबत एका चिठ्ठीवर दवाखान्याचा आणि रात्री येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर.